भाच्याचा हक्क

पेनियासी दरीतून वर आला तेव्हा त्याचा उजवा तळवा लाल होता. रक्त नव्हे, रंग. खांद्यावर ती एकट्यानं बसायची पिवळी कयाक, जिला आम्ही गावात पिकलं केळं म्हणायचो, आणि अंगावरून पाणी निथळतंय. जुलै म्हणजे आमच्या बेटावरचा हिवाळा, थंडी, डोंगरावर धुकं, नदी आटून खडकांच्या फटींत शिरलेली. असल्या दिवसांत माणूस आधी चुलीजवळ बसतो. हा तसाच ओला गावाच्या बैठकीच्या घरात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला,

"वरच्या दरीत कुणीतरी खुणा केल्यात. दगडावर लाल रंग मारलाय, अजून चिकट हाय, लोखंडी खुंट्या ठोकल्यात. दोन्ही भिंती जवळ येत्यात ना, थेट तितंच."

खुणांबद्दल कुणी काही विचारलं नाही. सगळे त्याच्या तळव्याकडे बघत होते.

बघण्यासारखंच होतं म्हणा. वरच्या दरीत पायवाट नाही. दोन्हीकडे सरळ काळ्या भिंती, त्यांवरून पडणारं पाणी आणि मधून उसळत जाणारी आमची वाइनिसावू नदी. पर्यटकांच्या मोठ्या रबरी होड्या खालच्या अंगाला सोडतात. वरच्या दरीत जाते ती छोटी होडी, आणि छोटी होडी अख्ख्या गावात एकाचकडे. लांबलांबच्या देशांतून माणसं या पाण्यात आपटून घ्यायला येतात, त्यांना वाट दाखवायचं काम पेनियासीचं.

"तुझ्याबिगर तितं जातंय कोण?" किटियोनेनं विचारलं. किटियोनेचं घर बैठकीला लागूनच, त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी त्याचा.

"मी कादावूला हुतो, माज्या बेटावर. चुलता वारला, त्याच्या मातीला गेलतो. कालच आलोय न्हवं?"

"व्हय, कादावूला," किटियोने म्हणाला. "आमी कुटं बघाया आलतो?"

आता यात गोष्ट अशी होती. होडीवाल्यांशी आमच्या कुळाचा करार होता. दोन्ही काठांवर झाड तोडायचं नाही, खडी काढायची नाही, पाणी अडवायचं नाही, आणि त्याचं भाडं कुळाला. तो करार या वर्षाअखेर संपत होता. वीजवाल्यांना त्याच दरीत धरणाची भिंत घालायची होती, आणि खुणा तिच्याच मापाच्या. भिंत उठली की वरची दरी बुडणार, खालची नदी वाळणार आणि पेनियासीची होडी कोंबड्यांना सावली देत अंगणात पडणार. वीज आमच्या डोक्यावरून तारांनी शहराकडे जाणार, हे आम्हाला कळत होतं. तरी निदान एखादा दिवा लागेल, असं म्हणणारेही होते. आणि होडीवाल्यांवर तरी कुठे आमचा विश्वास होता? खेळायला नदी भाड्यानं घेणारा माणूस मनात नक्की काय धरून असतो, कोण सांगणार. करार पुन्हा करायचा की वीजवाल्यांना हो म्हणायचं, याचा शब्द कुळाच्या थोरल्याचा. थोरला म्हणजे एपारामा, पेनियासीचा सासरा.

पेनियासी घरजावई. समुद्रावरचा माणूस डोंगरात येऊन राहिलेला. बायकोच्या गावात जमिनीवर त्याचा शब्द चालत नाही, आणि बोलला तरी लोक त्यात त्याची मजुरी शोधतात. वीजवाल्यांचे पैसे घेऊन यानंच खुणा केल्या, असं सगळ्यांनी धरलं.

त्या संध्याकाळी यांगोना घोळली, कुटलेल्या मुळांची, जीभ बधिर करणारी. करवंटी फिरू लागली. आधी थोरला, मग त्याच्या मागचे, मग बाहेरगावचा जावई, अशी रोजची रीत. करवंटी घेऊन उठलेला माणूस पेनियासीच्या पुढून गेला आणि परवा मिसरूड फुटलेल्यांना देऊन आला. सगळ्यांत शेवटी तळाचा गाळ आला तो याच्याकडे. पेनियासीनं रीतीप्रमाणे टाळी वाजवली, गाळ प्याला, पुन्हा टाळ्या वाजवल्या. एपारामा समोर बसला होता. त्याला दिसलं नाही असं होणंच शक्य नव्हतं. तो चटईचा दोरा ओढत राहिला.

सकाळी उलामिला धुणं घेऊन नदीवर गेली. ती एपारामाची एकुलती पोर, हाताला चलाख, जिभेला त्याहून. पण त्या दिवशी ऐकून घ्यायची पाळी तिच्यावर आली.

"काय गं," किटियोनेची बायको ताराइविनी म्हणाली, "तुज्या नवऱ्याच्या कापडाला रंग बिंग न्हाई लागला? लाल रंग लवकर निगत न्हाई."

"तुज्या नवऱ्याच्या जिभेचा निगाला का?" उलामिला म्हणाली. बायका हसल्या, पण हसताना त्यांनी तिच्या पाटीतली कापडं नजरेनं चाळलीच.

घरी येऊन तिनंही तेच केलं. नवरा रताळी खणायला गेला होता. तिनं त्याची पिशवी उलटी केली, खिसे तपासले, होडी ठेवलेली असते त्या घराखालच्या जागेत वाकून हुंगून पाहिलं. रंगाचा वास होता. कादावूला खरंच चुलता मेला होता का, हासुद्धा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

पेनियासी परत आला तो थेट होडीकडे गेला. कालपासून त्याला काहीतरी सलत होतं. होडीत बसून त्यानं पाय ताणले. आत पाय टेकवायला दोन आधार असतात, ते पट्टीवर मागेपुढे सरकवता येतात. त्याचे पाय आधाराला पोचत नव्हते. काल दरीत उतरताना त्यानं घाईत घसरत बसून भागवलं होतं. आता त्यानं बोटांनी चाचपून पाहिलं. आधार पार पुढे सरकवलेले होते. पेनियासी बुटका, रुंद, ओंडक्यासारखा. त्याच्या होडीत कुणीतरी लांब पायांचा माणूस बसून गेला होता.

होडी ज्या घराखाली टांगलेली असते ते घर सासऱ्याचं. सासऱ्याच्या नकळत तिला कुणी हात लावला असेल हे खरं वाटेना. म्हणजे सासऱ्यानंच दिली.

आता आमच्याकडे जावई सासऱ्याशी तोंड वर करून बोलत नाही. काही विचारायचं तर मुलीमार्फत, आणि सासरा उत्तर देतो तेही मुलीलाच. एरवी याचा काही त्रास होत नाही. त्या दुपारी तिघं एकाच चटईवर बसून अळकुड्या सोलत होते.

"उलामिला," पेनियासी म्हणाला, "तुज्या बापाला इचार, मी न्हवतो तवा माजी होडी कुणी नेली."

बाप हातभर अंतरावर होता. उलामिला त्याच्याकडे वळली. "आबा, होडी कुणी नेली म्हनून इचारतोय."

एपारामानं अळकुडी उलटीपालटी करून बघितली. "तुज्या नवऱ्याला सांग, घरातल्या माणसानं नेली."

"घरातला म्हंजे कोण, इचार."

"घरातला म्हंजे घरातला, सांग."

"तुज्या बापाला सांग, लोक मला गाळ पाजत्यात."

हे उलामिलानं पुढे पोचवलं नाही. पोचवायची गरज नव्हती. म्हाताऱ्याची सुरी थांबली, मग पुन्हा चालू लागली. पेनियासी उठून गेला. उलामिलानं बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं. बाप एकाच माणसाचं नाव असं तोंडात धरून बसतो. त्याच्या मेलेल्या बहिणीच्या मुलाचं.

आमच्याकडे भाच्याला वासू म्हणतात. आईच्या माहेरात वासूला अडवणारं कुणी नाही. त्याला डुक्कर आवडलं, त्यानं दोर सोडून नेलं. चटई आवडली, गुंडाळून नेली. मामानं बघायचं, हसायचं, आणि मागून कुणापाशी कुरकुर करायची नाही. कुरकुर केली तर ती मेलेल्या बहिणीबद्दल कुरकुर होते. रुसियाते लहानपणापासून असंच नेत आला होता, आणि एपारामाला त्याचा अभिमान होता. मामा श्रीमंत असल्याशिवाय भाचा काय नेणार?

तो रुसियाते त्याच आठवड्यात आला. वीजवाल्यांची गाडी, गाडीत बूट घातलेली दोन माणसं, आणि पुढच्या सीटवर हा, नारळाच्या झाडाएवढा. शहरात राहून त्याचं बोलणं गुळगुळीत झालं होतं. आल्या आल्या त्यानं मामाच्या कोंबड्यांतला कोंबडा धरला आणि उलामिलाच्या हातात दिला.

"हा शिजव. आणि मीठ जरा बेतानं घाल. माझ्याशी लग्न केलं असतंस तर स्वयंपाक तरी शिकली असतीस."

आतेभाऊ-मामेबहिणीत आमच्याकडे अशी थट्टा चालतेच, नव्हे, करावीच लागते. उलामिलानं कोंबडा उलटा धरला.

"तुज्याशी केलं असतं तर दोन चटया जोडून झोपावं लागलं असतं. लई लांब पाय तुजे. होडीत तरी कसं मावलं रं?"

"मावले की," रुसियाते हसत म्हणाला. "थोडं सरकवावं लागलं." आणि मग त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे तिच्या तोंडावर थांबले. ती कोंबडा घेऊन आत गेली. नवऱ्याला सांगावं की सांगू नये? सांगितलं तर तो आतेभावाच्या अंगावर जाणार, आणि घरजावई वासूच्या अंगावर गेला तर त्याला गावात राहता येणार नाही. तिनं कोंबड्याची मान मुरगळली आणि पिसं उपटायला बसली.

दुपारी अख्खं कूळ बैठकीत जमलं. बायका दाराशी. बूटवाल्यांनी बूट बाहेर काढले होते, त्यांच्या मोज्यांना भोकं होती, ते बघून जरा बरं वाटलं. रुसियाते मधोमध येऊन मांडी घालून बसला आणि त्यानं पिशवीतून देवमाशाचा दात काढला. जुना, पिवळसर, घासून गुळगुळीत झालेला, काथ्याच्या दोरीला बांधलेला. देवमाशाचा दात म्हणजे गंमत नव्हे. लग्न, माती, भांडण मिटवणं, सगळं त्यावर ठरतं. तो हातात घेतला की मागणी मान्य. मग शब्द फिरवता येत नाही.

रुसियाते चांगलं बोलला. आईची आठवण काढली, मामाच्या चुलीची, या नदीच्या पाण्याची. शाळा होईल, रस्ता होईल, दिवे लागतील. मग दोन्ही हातांनी दात पुढे धरून म्हणाला,

"मामा, या कुळाकडे मी आज दरी मागतो. स्वीकार करा."

सगळ्यांचे डोळे एपारामाच्या हातांवर. हात गुडघ्यांवर होते, शिरा वर आलेल्या, नखांत माती. उजवा हात थोडा उचलला गेला. पेनियासी कोपऱ्यात बसला होता, त्यानं मान खाली घातली. भाच्याला हा माणूस आजवर नाही म्हणाला नव्हता.

"रुसियाते," एपारामा म्हणाला, "ह्या घरातलं आजवर तू काय मागितलंस?"

रुसियाते हसला. "काहीच नाही मामा. मागायचं कशाला? लागलं ते घेतलं."

"डुक्कर घेतलंस, तवा इचारलंस?"

"नाही."

"होडी नेलीस, तवा?"

बैठकीत चुळबुळ झाली. किटियोनेनं पेनियासीकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे.

"नाही," रुसियाते जरा सावकाश म्हणाला.

"मग आज कशापायी मागतोस?"

"मामा, हे काय माझ्या एकट्यासाठी…" आणि तो तिथंच थांबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं. शहरात राहून माणूस काय काय विसरतो बघा. भाचा मागत नाही, घेतो. मागतो तो परका. आणि परक्याला नाही म्हणता येतं.

एपारामानं दोन्ही हात उचलले आणि मांड्यांखाली घातले. थंडीत लहान मुलं घालतात तसे. "ही मागणी तुजी न्हाई. दुसऱ्याची हाय. त्येला सांग, दात परत ने."

दात परत गेलेला आमच्यापैकी कुणी बघितला नव्हता. रुसियातेचे हात तसेच पुढे राहिले. बूटवाल्यांतला एक हळूच कानात काहीतरी विचारत होता. मग रुसियातेनं दात कापडात गुंडाळला, उठला, वाकून बाहेर गेला. आम्ही मागोमाग दारात. त्यानं मामाच्या घराखाली हात घातला, पिकलं केळं ओढून काढलं, वल्हं काढलं आणि होडी खांद्यावर घेतली. वासू घेत होता. कुणी काय बोलणार? पेनियासी एक पाऊल पुढे झाला. उलामिलानं त्याच्या लुंगीचं टोक मुठीत धरलं.

होडी गाडीवर बांधून झाली तेव्हा रुसियाते मामाकडे वळला. त्याचे डोळे भरले होते, ते काही नाटक नव्हतं.

"चुकलं माझं मामा," तो म्हणाला. "मागायला नको होतं."

गाडी गेली. गावाला वाटलं, पोरानं माफी मागितली. एपारामाला तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कोयता घेऊन बांबूच्या बेटात शिरला. पेनियासी मागून गेला. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. दोघांनी मिळून जाड बांबू पाडले, वेलींनी बांधले, लांबलचक तराफा केला. पूर्वी लोक अशाच तराफ्यावरून दरीतून खाली माल नेत. एपारामा तरुणपणी नेत असे. त्यानंतर वरच्या दरीत तो गेला नव्हता, आणि आता त्याला गुडघा पुरता वाकवता येत नव्हता. लोखंडी पहार त्यानं तराफ्याला बांधली तेव्हा पेनियासीला कळलं, सासरा खुंट्या उपटायला निघालाय.

पहाटेचं धुकं उठल्यावर ते पाण्यात उतरले. पुढे पेनियासी, मागे म्हातारा. आता पाण्याच्या धारेत उलामिला कुठून आणायची? पेनियासी पुढच्या बांबूशी बोलू लागला.

"बांबूबुवा, डाव्या अंगाला खडक हाय बरं का. मागच्यानं काठी टेकवावी."

मागून म्हातारा आपल्या काठीला म्हणाला, "काठे, त्येला सांग, हा खडक त्येच्या जन्माआदीपासून तितंच हाय."

पुढे पाणी पांढरं झालं. तराफा खडकावर चढला, कडाडला, मागच्या अंगानं खाली गेला. म्हातारा कंबरेपर्यंत पाण्यात. पेनियासीनं मागे न बघता हात टाकला, दंड सापडला, तो घट्ट धरून ठेवला. थंडीनं दोघांचे दात वाजत होते. जिथं दोन्ही भिंती जवळ येतात तिथं पाणी खोल आणि मुकं होतं. तिथं ते पोचले, आणि पेनियासी बघतच राहिला. खुणा वाढल्या होत्या.

एपारामानं तोल सावरायला भिंतीवर हात टेकला. उचलला तर तळवा लाल. रंग ओला होता. त्याच वेळी लांब, पुढच्या वळणावर, पांढऱ्या पाण्यातून पिवळं काहीतरी गेलं. वर आलं, कललं, बरोबर रेषेत खाली उतरलं. चुकीच्या बाजूनं गेला असता तर उलटला असता. नदी त्याला येत होती. पेनियासीला त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं.

त्यांनी पहारीनं निघतील त्या खुंट्या काढल्या, पाण्यात टाकल्या. सगळ्या निघाल्या नाहीत. दरीच्या तोंडाशी तराफा सोडून दिला आणि काठाकाठानं चालत गावाकडे निघाले. म्हातारा लंगडत होता, पेनियासी त्याच्या चालीनं चालत होता.

धुण्याच्या जागी बायका होत्या, झिंगे पकडून आलेले पुरुषही होते. ताराइविनीची नजर नेमकी हातावर गेली.

"अगं बाई. म्हाताऱ्याच्याबी हाताला!"

"चार माणसांत दात परत केला," किटियोने म्हणाला, "आन् मागनं दरीत जाऊन हे? भाव वाढवतोय व्हय थोरला?"

एपारामानं हात लपवला नाही. बोलायचं तर भाच्याचं नाव घ्यावं लागत होतं. सगळे पेनियासीकडे बघू लागले. खरं काय ते त्याला ठाऊक होतं. आणि असाच आळ त्याच्यावर आला तेव्हा हा म्हातारा चटईचा दोरा ओढत गप्प बसला होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. उलामिला हातात पिळलेलं कापड धरून उभी राहिली. नवरा आता गप्प बसला तर त्याला काय म्हणायचं, तिला सुचेना.

पेनियासीनं तिच्याकडे बघितलं. "उलामिला, तुज्या बापाला सांग, हात धुऊ नगं म्हनावं. रंग वला हाय. आज सकाळचा हाय. माजी होडी ज्याच्यापाशी हाय त्येनं मारलाय. समद्यांनी बोट लावून बघावं म्हनावं."

उलामिलानं निरोप द्यायला तोंड उघडलं. एपारामानं लाल हात वर करून तिला थांबवलं.

"तिला कशाला सांगतोस?" तो जावयाकडे बघून म्हणाला. "मला सांग. मी हितंच हाय."

पेनियासीची नजर उलामिलाकडेच गेली. सासऱ्याशी थेट बोलायची सवयच नव्हती. मग म्हातारा आमच्याकडे वळला.

"रंग माज्या भाच्याचा. पैल्या येळंलाबी त्येचाच. होडी मीच नेऊ दिली, आन् मीच गप बसलो. त्यो परत येनार. आता मागनार न्हाई."

त्यानं तळवा पुढे धरला. कुणी हालेना. शेवटी किटियोने पुढे आला, त्यानं बोट लावलं, वास घेतला आणि मान खाली घातली. मग ताराइविनीनं लावलं, मग बाकीच्यांनी, एकामागून एक. तेलाचा रंग होता तो. बायकांनी साबण लावला, पुरुषांनी वाळूनं घासलं, पण त्या दिवशी कुणाच्याच बोटाचा निघाला नाही.